शेवटचा हात

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही छापखान्याची भेट. छापखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी प्रत्येकाच्या हातात एकेक कोरी वही ठेवली आणि म्हणाले, "आता आपापलं लिहा." सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं. स्वतःचं लिहायची वेळ बावन्नाव्या वर्षी आली.

आजपासून नवी नोकरी. ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. काम असं, की आजारी माणसासाठी घरी जोडायची कॉट असते, तिचे सुटे भाग खोक्यातून येतात. ते कसे जोडायचे याचं चित्रांचं पत्रक आम्ही करायचं. बारा पानं, आणि त्यात एक अक्षरही नाही, कारण खोकं कुठल्या देशात कोणाच्या दारी उतरेल याचा नेम नाही. म्हणजे जन्मभर अक्षरं तपासली आणि आता अक्षर नसलेलं तपासायचं. मुलाखतीत त्यांनी एक नमुना दाखवला होता. चित्रातल्या उजव्या हाताचा अंगठा भलत्याच बाजूला होता. तेवढं मी दाखवलं आणि थेट टीमची प्रमुख झाले.

टीममध्ये आम्ही चौघं, चार देशांत. त्यांची नावं माझ्या जिभेला झेपत नाहीत आणि माझं त्यांच्या. म्हणून वहीत टोपणनावं. चित्रं काढणारा तो रेघोजी. पन्नाशीचा, जाड मिशा, मागे भिंतीवर टांगलेल्या करवती. कॉट आजाऱ्याला धोक्याची नाही ना, हे बघायला एक निवृत्त नर्सबाई. चेहऱ्यावर माशी बसली तरी हलायची नाही. आणि वरचे साहेब, वय जेमतेम एकतीस, सगळ्याला "छान, छान" म्हणतात. ते छानसाहेब. बोलणं सगळं तुटक्याफुटक्या इंग्रजीत. ती कोणाचीच मायबोली नाही, त्यामुळे सगळे तिच्याशी सारखेच वाईट वागतो.

अठ्ठावीस मार्चला चाचणी आहे. आमच्या चौघांच्या घरी एकेक खोकं येईल. ज्याने जन्मात कॉट जोडली नाही आणि पत्रक पाहिलेलं नाही असा एक माणूस, कोणाला काही न विचारता, एका तासात ती उभी करील. चारही उभ्या राहिल्या तर टीम कायम. एक जरी अडली तरी काम दुसऱ्या मोठ्या कंपनीला आणि आम्ही सगळे घरी. "घरी तर आपण आहोतच," मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

सासूबाई टेबलाच्या पलीकडे पडद्याकडे पाठ करून शेंगा सोलत होत्या. मीटिंग संपल्यावर म्हणाल्या, "ही माणसं पुरती आहेत ना गं? नुसती डोकीच दिसतात."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कंपनीने सगळ्यांना एक तासाचा अभ्यासक्रम करायला लावला. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी एकमेकांना कसं समजून घ्यावं, असा विषय. शेवटी वीस प्रश्न. मला वीसपैकी एकोणीस. टीममध्ये सर्वांत जास्त. नर्सबाईंना अकरा, त्यात नवल काहीच नाही.

चुकला तो प्रश्न असा: सहकाऱ्याचं वागणं कळलं नाही तर तुम्ही काय कराल? मी लिहिलं, मनात समजून घेईन, विचारून त्याला लाजवणार नाही. त्यांच्या मते 'सरळ विचारेन' हे बरोबर. मला तरी प्रश्नच चुकीचा वाटतो. चारचौघांत माणसाला 'असं का केलंत' विचारायचं ही कुठली रीत? प्रशस्तिपत्र छापून फ्रिजवर लावलं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

रेघोजींचं पहिलं पान आलं. काय हात आहे या माणसाचा. एक रेघ कमी नाही, एक जास्त नाही. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे नुसत्या मनगटावरून कळतं. मी दहा मिनिटं बघतच बसले.

आणि मग दिसलं. सगळ्यांत खाली, उजवीकडे, एक स्क्रू काढायचाच राहिला आहे. भोक आहे, स्क्रू नाही. सोबत त्यांची चिठ्ठी: "माझ्याकडून झालं. बाकी तुमच्या हाती."

आता एका स्क्रूवरून माणसाला काय बोलायचं. छापखान्यातला माझा नियम साधा होता. चूक दिसली की दुरुस्त करायची आणि तोंड बंद ठेवायचं. मी शेजारचाच स्क्रू उचलून भोकात बसवला आणि पान पुढे पाठवलं. तासाभराने रेघोजींचा निरोप आला: "मनापासून आभार. घरी सगळ्यांना पान दाखवलं."

चूक झाकली म्हणून इतके आभार? भला माणूस दिसतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज नर्सबाईंनी माझा पाणउतारा केला. सगळ्यांदेखत. "तिसरं पान वाईट आहे. या क्रमाने जोडलं तर कठडा निसटेल आणि म्हातारा माणूस पडेल. क्रम कोणी ठरवला?" क्रम मी ठरवला होता. मी "हो, बघते" म्हणाले आणि कॅमेरा बिघडल्याचं सांगून बंद केला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

दुपारी बघितलं तर कठडा खरंच निसटला असता. तरीपण. सांगायची काही पद्धत असते. क्रम बदलून पाठवल्यावर बाईंचं उत्तर: "आता बरोबर." पुढे पूर्णविराम. बाकी कोणाच्या पानांवर त्या इतकं बारीक लिहीत नाहीत. छानसाहेबांच्या खर्चपत्रकावर तर नुसती सही करून टाकतात. माझ्याच वाट्याला का, कोण जाणे.

स्वयंपाकघरातही तोच ग्रह. सासूबाई भाजी करतात, चिरण्यापासून परतण्यापर्यंत सगळं स्वतः करतात, आणि शेवटी हाक मारतात, "मीठ तेवढं तू घाल गं." गेली चोवीस वर्षं. म्हणजे चव जमली तर भाजी त्यांची, खारट झाली तर मीठ माझं. म्हातारी मोठी हुशार आहे.

बुधवार, २६ फेब्रुवारी

चार पानं आली, चार स्क्रू गायब. दर वेळी खाली उजवीकडे. लोकांचा एखादा स्क्रू ढिला असतो, यांचा रोज एक हरवतो. आमचे हे म्हणतात, "वय झालं असेल, दिसत नसेल." मलाही ते पटलं. आडवळणाने निरोप पाठवला: "तुमचे डोळे बरे आहेत ना? काळजी घ्या."

रेघोजींचं लांबलचक उत्तर आलं. डोळे उत्तम आहेत, पण कामाच्या जागी कोणी इतक्या आपुलकीने चौकशी करावी याने ते भारावून गेले. त्यांचे वडील सुतारकामाचे उस्ताद होते, तेसुद्धा असंच सगळ्यांच्या डोळ्यांची चौकशी करत. घरातल्या मोठ्यांना त्यांनी नमस्कार कळवला आहे. सासूबाईंना सांगितला. म्हणाल्या, "डोकं चांगलं आहे हो ते."

मंगळवार, ११ मार्च

आठ पानं, आठ स्क्रू. मी आठही बसवले. आज शेवटी नर्सबाईंना बोलून गेले. म्हणजे त्यांनीच विचारलं, "रेघा त्याच्या आहेत, मग शेवटचा स्क्रू प्रत्येक पानावर जरा वेगळा का?" त्या बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. मी सगळं सांगितलं.

 बाई म्हणाल्या, "तू त्याची चूक दुरुस्त करतेस आणि त्याला सांगत नाहीस? माझ्या वॉर्डात असं केलं असतं तर माणूस मेला असता. चूक ज्याची त्याला परत दे." मग थांबून म्हणाल्या, "मी तुझी तुला देते."

बोलणं कडू आहे, पण खोटं नाही. चाचणीला सतरा दिवस राहिले. छापायला जाताना एखादा स्क्रू माझ्याही नजरेतून सुटला तर?

शुक्रवार, १४ मार्च

नववं पान परत पाठवलं, हात न लावता. लिहिलं: "स्क्रू राहिला आहे. कृपया तुम्हीच पूर्ण करा." दोन वेळा 'कृपया' घातलं होतं, एक काढलं.

सोमवार, १७ मार्च

तीन दिवस रेघोजी गप्प होते. आज नववं पान आलं. स्क्रू जागच्या जागी. सोबत पत्र: "आपण माझं काम नाकारलंत. कारण विचारणार नाही, तो आपला अधिकार आहे. आठ पानं आपण आपली मानलीत याचा आनंद मी विसरणार नाही. पुढची तीन पानं कोणा दुसऱ्याकडून करून घ्यावीत."

मी पत्र चार वेळा वाचलं. नाकारलं? एका स्क्रूसाठी? मिशा उगाच नाहीत, ताठा भरलाय नुसता. छानसाहेबांना कळवलं तर ते "छान" म्हणाले, मग मजकूर त्यांच्या लक्षात आला आणि ते खूप वेळ पाणी पीत राहिले. अकरा दिवसांत असला हात दुसरा कुठून आणायचा? टीम बुडाली तर माझ्यामुळे बुडेल. दीड महिन्यात मला या तीन डोक्यांची सवय झाली आहे. सकाळी टेबलाशी बसले की वाटतं, अजून आपली कोणाला तरी गरज आहे. आता तेही जाणार.

संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली, "मीठ तेवढं घाल गं." माझा तोल गेला. म्हणाले, "तुम्हीच घाला ना आई. रोज रोज माझ्याच माथी का?"

 त्यांनी कढईवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि खोलीत गेल्या. भाजी अळणीच झाली. आम्ही तिघांनी ती तशीच खाल्ली.

मंगळवार, १८ मार्च

सासूबाईंनी आज भाजी केलीच नाही. ताट वाढायला गेले तर म्हणाल्या, "ठेव, मी घेईन." तोंड फुगवून बसणं हा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून जास्त लागलं. शेवटी जवळ बसले आणि सरळ विचारलं, "आई, काय चुकलं माझं?"

त्या बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत होत्या. मग म्हणाल्या, "मी या घरात आले ना, तर अकरा वर्षं मिठाच्या डब्याला हात लावायची परवानगी नव्हती मला. चिरायचं मी, ढवळायचं मी, आणि मीठ घालायला माझ्या सासूबाई यायच्या. मीठ घालील तिचं स्वयंपाकघर, असं होतं आमच्यात. अकरा वर्षं मी पाहुणी होते बघ. तू आलीस, तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवलं, आपण असं करायचं नाही. शेवटचा हात हिचा."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी?"

"हाका तर मारत होते रोज. अजून काय बोलायचं असतं?"

चोवीस वर्षं. मी म्हातारीला हुशार म्हणत होते, आणि तिने मला पहिल्याच दिवशी घर देऊन टाकलं होतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या म्हणाल्या, "पुरे, पातळ कोरडं आहे, भिजेल."

मग एकदम उठले आणि कॉम्प्युटर उघडला. रेघोजींकडून पहिल्यांदा आली तशी नऊही पानं शेजारी शेजारी लावली. दर वेळी तीच जागा, शेवटच्या चित्रातली शेवटची. चित्र मोठं करून बघितलं. भोकाभोवती केसाएवढ्या बारीक रेघेचं वर्तुळ काढलेलं होतं, जागा आखून ठेवावी तसं. विसरणारा माणूस जागा आखून विसरत नाही. आणि मी, मुद्रितशोधक, एकोणीस गुणांची बाई, आठ वेळा त्यावर डोळे फिरवून गेले.

फ्रिजवरचं प्रशस्तिपत्र काढून ठेवलं. चुकलेला प्रश्न बरोबर होता.

बुधवार, १९ मार्च

रेघोजींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या मागे करवती होत्या आणि चेहरा पत्र्यासारखा. मी सरळ विचारलं, "तुम्ही शेवटचा स्क्रू का ठेवता?"

ते चकित झाले. "तुम्हाला माहीत नाही? मग बसवत कशा होतात?"

मग कळलं. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात कारागीर कुठलंही काम पुरं करत नसत. शेवटचा स्क्रू प्रमुखासाठी ठेवायचा. प्रमुखाने बसवला की काम दोघांचं झालं, पुढे त्यात काही खोट निघाली तर दोष दोघांचा आणि कौतुकही दोघांचं. प्रमुखाने तसंच परत केलं तर त्याचा अर्थ एकच: हे काम मी माझं म्हणणार नाही.

"आणि तुम्हाला काय वाटत होतं?" त्यांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला वाटलं, तुम्ही विसरता."

"आठ वेळा?"

"म्हणून तर डोळ्यांचं विचारलं."

आधी मिशा हलल्या. मग खांदे. मग हा गृहस्थ इतका हसला की पडद्याबाहेर गेला, नुसत्या करवती दिसत राहिल्या. आतून त्यांच्या बायकोने येऊन बघितलं. परत आले तेव्हा डोळे पुसत होते. "म्हणजे दर पानाला स्क्रू विसरणारा माणूस तुम्ही कामावर ठेवलात? आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"रेघ फार सुंदर होती," मी म्हणाले.

 ते म्हणाले, "माझ्या वडिलांनीसुद्धा असा कारागीर ठेवला नसता. दहावं पान उद्या येईल." मी माफी मागितली, नववं पान पुन्हा तसंच पाठवायला सांगितलं, आणि ते आल्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत स्क्रू बसवला. माझ्या हातून तो थोडा तिरका बसतो. ते म्हणाले, हरकत नाही, तसाच हवा.

संध्याकाळी सासूबाईंच्या हाकेची वाट न बघता ओट्याशी जाऊन उभी राहिले. त्यांनी कढई माझ्याकडे सरकवली.

बुधवार, २६ मार्च

बारा पानं पुरी झाली, छापूनही आली. खोकं हॉलमध्ये येऊन पडलं आहे. पण ज्यांना चाचणीला बसवायचं ठरलं होतं ते खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मनगट मुरगळून घेऊन आले. पत्रक न पाहिलेला दुसरा माणूस दोन दिवसांत कुठून आणू? आमचे हे तर रोज माझ्या खांद्यावरून डोकावतात, ते बाद.

सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे बघितलंय तुमचं पत्रक? मी तर पडद्याकडे पाठ करून बसते." वय चौऱ्याहत्तर. नियम वाचले. वयाची अट नाही. वजन उचलायला दुसऱ्याने हात दिला तर चालतो, जोडणी मात्र पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत त्याच माणसाने करायची. नर्सबाई म्हणाल्या, "उत्तम. तिला जमलं तर सगळ्यांना जमेल."

शुक्रवार, २८ मार्च

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट येईल. येऊ दे.

पडद्यावर चार घरं. रेघोजींकडे त्यांचा न्हावी, एकोणपन्नास मिनिटांत मोकळा. नर्सबाईंकडे त्यांचा भाचा, त्रेपन्न. छानसाहेबांची मावशी, पंचावन्न. उरल्या आमच्या सासूबाई. चष्मा नाकावर, पदर खोचलेला, पत्रक उशीला टेकवून ठेवलेलं. एकेक चित्र बोटाने वाचत होत्या. सहाव्या पानावर पाय उलटा लावला, पुन्हा चित्र बघितलं, स्वतःशीच "असं होय" म्हणून काढला आणि सुलटा लावला. मी नुसती बाजू उचलून धरायला. पडद्यावरची तिन्ही डोकी पुढे झुकली होती.

छप्पन्नाव्या मिनिटाला एकच स्क्रू राहिला. खाली, उजवीकडे. सासूबाईंनी तो उचलला, पाना उचलला, आणि दोन्ही माझ्यापुढे धरले.

"घे. शेवटचा तुझा."

 मी हात लावला की चाचणी बाद, टीम बाद. म्हटलं, "आई, आज तुम्हालाच बसवायचाय. नियम आहे."

"नियम त्यांचा. आपल्या घरात शेवटचा हात तुझा." आणि चेहरा तोच झाला, त्या दिवशी कढईवर झाकण ठेवताना होता तो. सत्तावन्न. छानसाहेबांनी डोळे मिटले. कोणाला शब्द कळत नव्हता, फक्त पुढे केलेला स्क्रू दिसत होता. रेघोजी मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

ढकलून दिलं तर मन मोडणार, घेतलं तर सगळं जाणार. मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "आई, शेवटचा हात माझा, हे खरं ना?"

"खरं."

"माझ्या मालकीचा?"

"तुझ्याच."

"मग माझी वस्तू मी कोणालाही देईन. आज मी तो तुम्हाला देते. तुम्हाला अकरा वर्षं कोणी दिला नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  स्क्रूकडे बघितलं, पुसल्यासारखा केला आणि भोकात ठेवला. पाना फिरवताना एक बाजू जरा अडली. अठ्ठावन्न मिनिटं वीस सेकंद. मग उठून कॉटवर बसल्या, दोन वेळा उसळून बघितलं, आणि पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "झाली हो तुमची कॉट."

रेघोजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, छातीवर हात ठेवला. त्यांना मी नंतर सगळं सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. छानसाहेब आज 'छान' म्हणाले नाहीत, नुसते हसत राहिले. नर्सबाईंनी लिहून पाठवलं: "सहाव्या पानावर पाय उलटा लागू शकतो. बदल कर. तुझ्या सासूला सांग, मला तिच्यासारखी माणसं वॉर्डात हवी होती." आजच्या दिवशीही या बाईंना सहावं पान सुचतं. पण त्यांनी रुमालाने नाक पुसलं, ते मी बघितलं. सर्दी झाली असावी.

गुरुवार, १० एप्रिल

टीम कायम. नवं काम चाकांच्या खुर्चीचं. आज पहिलं पान आलं. उघडलं तर एक नाही, चार स्क्रू कमी, आणि चार बारीक वर्तुळं. रेघोजींची चिठ्ठी: "एक माझाही आहे. बाकीचे वाटून घ्या."

रेघोजींनी त्यांचा बसवला, छानसाहेबांनी एक बसवला, माझा मी बसवला. नर्सबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चित्र काढलं आणि सोबत लिहिलं: "माझा चुकला आहे. दिसतंय मला. कोणी दुरुस्त करू नका." बघितला. डोकं एका बाजूला कललेलं आहे, शेजारच्यापेक्षा जाडही आहे. कोणाचं काही अडणार नाही, पण मला जेवताना, झोपताना तो दिसत राहणार.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चूक डोळ्यांसमोर ठेवून पान तसंच छापायला पाठवलं.

ओट्यापासून हाक येते आहे. मीठ राहिलंय, जाते.